‘गेले’ शिकायचंय? आधी कापड बघ

पहिल्याच दिवशी रेशमी ओढणी घेऊन बसू नकोस, ती निसटणारच. नायजेरियातल्या योरुबा बायकांच्या ‘गेले’ची (म्हणजे डोक्याला बांधायच्या कापडाची; आपल्या क्रियापदाशी काही संबंध नाही हं!) सगळी मजा कापडाच्या कडकपणात आहे. हातमागावरचं अशो-ओके कापड मिळालं तर उत्तम. तिथल्या इसेयिन शहरातले विणकर ते अरुंद पट्ट्यांत विणतात, मग पट्ट्या जोडतात. जड असतं, पण चुणी घातली की हलत नाही.

आधी केसांवर सुती फडकं बांध. मग गेले कपाळावर ताणून धर, कान झाक, मागे घट्ट गाठ मार. चुण्या एकेक करून बोटांनी बसव, साडीच्या निऱ्यांसारख्या. घाई केलीस की कोलमडलंच. माझी कितीतरी कोलमडली. तयार शिवलेलं ‘ऑटो-गेले’ही मिळतं, पण ते सध्या नको.