नॉर्थ कोस्ट ५०० : पहिल्यांदा निघताना

उत्तर स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसहून निघून तिथेच परतणारा हा रस्ता सुमारे ८३० किलोमीटरचा. चार दिवसांत उरकायला जाऊ नका, निदान सात ठेवा. पश्चिमेकडे बराच भाग एकपदरी आहे.

समोरून गाडी आली की डावीकडच्या पासिंग प्लेसमध्ये, म्हणजे वाट द्यायला रस्त्याकडेला केलेल्या रुंद जागेत, शिरायचं. ती जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, पलीकडे घुसायचं नाही. मागच्या घाईवाल्यालाही तिथेच वाट द्या. फोटोसाठी मात्र तिथे गाडी लावू नका, दोन्हीकडची वाहतूक अडते.

ॲपलक्रॉसचा बेलाख ना बा घाट ६२६ मीटरवर, चढ २० टक्क्यांपर्यंत. मोठी कॅम्परव्हॅन असेल तर शील्डेगवरून किनाऱ्याने जा. पंप विरळ, म्हणून टाकी अर्धी झाली की भरा. उन्हाळ्यात मिजेस (बारीक चावऱ्या माश्या) चावतात; वारा पडला की जास्तच.