घरी तेलुगू बोलतो म्हणून पोरगा मागं पडालाय का?

"मॅडम, आम्ही घरात तेलुगू बोलणं बंद केलंय, तरी ह्याला मराठी वाचाला येईना. आता काय करू?" खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्या ताईंनी हे विचारलं. पोरगा त्यांच्या मागं, ओढणीचं टोक धरून उभा.

सोलापुरात हा प्रश्न माझ्याकडं दर वर्षी येतो, शाळा सुरू झाली की एकदा आणि दिवाळीच्या आधी सहामाहीचे पेपर हातात पडले की परत एकदा. कधी तेलुगूच्या जागी कन्नड असतं, कधी उर्दू. म्हणून ही केस लिहितेय, आईला विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

पोरगा सात वर्षांचा, दुसरीत, सेमी इंग्लिश. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, शिफ्ट ड्युटी. आई घरीच मशीनवर शाळेचे युनिफॉर्म शिवते, पीसवर. "दिवसभर लोकांच्या पोरांचे शाळेचे शर्ट शिवते मी, आणि माझाच पोरगा सकाळी शर्ट घालाला तयार नाही," एवढं बोलल्या आणि रडाला लागल्या.

तक्रार अशी की रोज सकाळी पोट दुखतं. रविवारी नाही, सुट्टीत नाही. अशा वेळी मी सगळ्यात आधी डॉक्टरांना दाखवलंय का ते विचारते, कारण पोट खरंच दुखत असू शकतं, आणि डोळे-कान तपासलेत का तेही विचारते, कित्येक पोरांना फळ्यावरचं दिसतच नसतं आणि घरी ते कुणाला माहीतच नसतं. ह्याचं सगळं तपासून झालेलं होतं, सगळं नॉर्मल. मग कुणीतरी नातेवाइकांनी डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं वाचाला-लिहाला अवघड जातं तो प्रकार, असेल म्हणून सांगितलं आणि त्या शब्दानं आई रात्ररात्र झोपली नव्हती.

शाळेतल्या मॅडमनी पहिलीत असतानाच सांगितलेलं, घरी मराठी बोला म्हणजे पोरगा लवकर शिकेल. चांगल्या मनानंच सांगितलेलं, त्यात शंका नाही. पण घरात झालं काय, आईचं मराठी कामापुरतं, आजीला तर मराठी फारसं येतच नाही, त्यामुळं पोराशी बोलणं उरलं ते 'बस', 'लिही', 'जेव', 'झोप' एवढंच. आजीची रात्रीची गोष्ट बंद झाली. सात वर्षांच्या लेकरासाठी ही किती मोठी गोष्ट असते ते मला तरी शब्दात सांगता येत नाही.

मी त्याला एक चित्र दाखवलं, मांजर वाटीतून दूध पितेय. काय दिसतंय विचारलं. गप्प. मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं, मान खाली. मग मी आईला म्हटलं तुम्ही विचारा, तुमच्या भाषेत. आईनं आधी माझ्याकडंच बघितलं, परवानगी घेतल्यासारखं, आणि मग विचारलं. पोरगा हळूच म्हणाला, "पिल्ली," म्हणजे मांजर. मग थांबून, "पालु." आणि मग जे सुरू झाला ते थांबेचना, मांजर कुणाची, वाटी कुणी ठेवली, पिल्लं कुठं असतील, आई मला सांगताना दमली. मला तिथंच अर्धं उत्तर मिळालं. जे पोर घरच्या भाषेत एवढी सलग गोष्ट रचतं त्याला भाषेचीच अडचण आहे असं म्हणायच्या आधी दहा वेळा विचार करावा. घरच्या भाषेतसुद्धा उशिरा बोलाला लागला, शब्द सापडत नाहीत, सांगितलेलं कळत नाही, असं असेल तर मात्र वाट बघत बसू नका, लगेच तपासणी करा.

उरलेलं अर्धं उत्तर दुसऱ्या भेटीत मिळालं. पहिलीत एकदा वर्गात सकाळी काय खाल्लं-प्यायलं ते सांगाचं होतं, आणि हा म्हणाला "पालु". तेलुगूत पालु म्हणजे दूध. मराठीत पाल म्हणजे भिंतीवरची. सगळा वर्ग हसला, आणि मधल्या सुट्टीत पोरं "हा पाल पितो, पाल पितो" करत मागं लागली. त्यानं हे घरी सांगितलं नाही, कारण सांगाचं तर कुठल्या भाषेत? जी भाषा घरात बंद केलेली होती त्यात?

गणिताचंही असंच. आईनं वही दाखवली, तेवीस सांगितलं की हा 32 लिहितो, सत्तेचाळीसला 74. रोज संध्याकाळी ह्यावरून मार. मी आईला म्हटलं, आता तेलुगूत सांगा. "इरवै मूडु." पोरानं लगेच 23 लिहिलं. परत एक, परत बरोबर. आई वहीकडं बघतच राहिली. कारण बघा, तेलुगूत आधी वीस मग तीन, इंग्रजीत पण ट्वेंटी थ्री. आपल्या मराठीत ते-वीस, तीन आधी ऐकू येतं, मग तो ऐकू आलं तसं आधी 3 लिहितो. ही ढ पोराची चूक नाहीये, कान देऊन ऐकणाऱ्या पोराची चूक आहे. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी पद्धत घातली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या आणि पोरांचा नेमका हाच गोंधळ त्या समजावून सांगत होत्या. मला तेव्हाही त्यांचं पटलं होतं आणि अशी वही बघितली की अजून पटतं.

आईला मी काय सांगितलं तर पहिलं, आजपासून घरात तेलुगू सुरू. आजीची गोष्ट सुरू. पाण्याला मराठीत काय म्हणतात ते शिकाला 'पाणी' एवढा एकच शब्द लागतो, पण पाणी म्हणजे काय, ते का उकळतं, सांडलं की कुठं जातं, हे सगळं त्याला आधी घरच्या भाषेत कळलेलं असतं, आणि त्यावरच मराठी आणि इंग्रजी चढते. तेच काढून घेतलं तर नवीन भाषा बसणार कशावर? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा जमेल तिथं किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असंच म्हटलंय. आता शाळा बदलणं सगळ्यांना जमत नाही, ते मी सांगतही नाही, पण घरातली भाषा तर आपल्या हातात आहे.

दुसरं, संध्याकाळचे दोन तास वही घेऊन बसवणं बंद. 2020 च्याच दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको म्हटलंय आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला, रोज नाही. आईला हे खरंच वाटेना. त्याच्या बदल्यात दहा मिनिटं, मराठीचं पुस्तक, आईनं वाचाचं, त्यानं ऐकाचं आणि ते काय होतं ते तेलुगूत सांगाचं. आईचं वाचणं अडखळत होतं, ती लाजत होती. अडखळू दे म्हटलं, आईपण अडखळते हे त्याला दिसू दे.

डिस्लेक्सियाचं सांगाचं तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातलाच, आणि त्याची चाळणी, म्हणजे पहिली तपासणी, साधारण तिसरीत, आठव्या वर्षाच्या आसपास करतात. सरकारच्या निपुण भारत ह्या वाचन-गणिताच्या मोहिमेतसुद्धा तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं असंच धरलंय. दुसरीतल्या पोरावर आत्ताच शिक्का नको. घरची भाषा परत मिळाली, भीती गेली, तरी तिसरीत अक्षर आणि आवाज जुळेनात तर मीच तपासणीला पाठवणार, तेही सांगून ठेवलंय.

आणि तिसरं, मॅडमना जाऊन भेटा. गेटवर घाईत नाही, वेळ मागून, आणि तक्रार म्हणून नाही. आई घाबरत गेल्या आणि पालुची गोष्ट सांगितली. मॅडमना खरंच माहीत नव्हतं, त्यांना वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फळ्यावर दुधाचं चित्र काढलं आणि तुमच्या घरी ह्याला काय म्हणतात ते विचारलं. दूध, हालु, पालु, तिन्ही शब्द फळ्यावर लिहिले. कन्नडवाली दोन पोरं निघाली वर्गात, तेलुगूवाली पाच. तोपर्यंत सगळीच गप्प होती.

दिवाळीनंतर आई एकटीच आली. पोटदुखी पूर्ण गेली नाही, सोमवारी असतेच अजून. चाळीसच्या पुढं आकडे अजून उलटतात. जोडाक्षर आलं की थांबतो. पण गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, जाऊ म्हणून आजीला आत्तापासून मागं लागलाय, आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचालाय, अर्ध्या चुकीच्या, पण मोठ्यानं.

उठताना त्यांनी विचारलं, "धाकटीला येत्या जूनला पहिलीत घालाचंय. फॉर्ममध्ये मातृभाषा असा रकाना असतो, ह्याच्या वेळी आम्ही मराठी लिहिलं होतं. आता तेलुगू लिहू ना?" लिहा म्हटलं, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या मॅडमना तोंडी पण सांगा, फॉर्म एकदा फायलीत गेला की त्यांच्या हातात येईलच असं नाही.