बचत गटात नव्याने आलेल्या ताईंसाठी

ताई, सही येत नसेल तर ती लवकर शिकून घ्या, आणि येत असेल तर ठराव वाचल्याशिवाय करू नका. १९९२ साली नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून दहा ते वीस जणींच्या गटाला तारणाशिवाय कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. पण कर्ज बाईच्या नावावर आणि त्याचा विनियोग मात्र घरातल्या दुसऱ्याच कोणाच्या मर्जीवर, हे चित्र आजही जागोजागी दिसते. म्हणून मागणी करण्यापूर्वी पैसा कशासाठी हवा, परतफेड कोणत्या मिळकतीतून होईल आणि वस्तू कोणाच्या नावाने घेतली जाईल, हे स्वतःशी पक्के करा. शेळ्या घेणार असाल तर पावती आणि विमा आपल्याच नावाने करून घ्या.

नवऱ्याशी विचारविनिमय जरूर करावा (घरात भांडण लावणे हा काही गटाचा हेतू नाही), मात्र "घरी विचारून सांगते" हे उत्तर प्रत्येक लहानसहान प्रश्नाला देण्याची सवय लागली, तर आपले स्वतःचे मत काय होते तेच हळूहळू आठवेनासे होते.

पासबुकावरील नोंदी स्वतः पाहा. अध्यक्षांनी वाचून दाखवलेला हिशेब आपल्या वहीशी ताडून पाहण्यात कोणाचाही अपमान नसतो. दुसरीच्या कर्जाला केवळ भिडेखातर होकार देऊ नका, कारण तिचे हप्ते थकले तर बँकेच्या लेखी संपूर्ण गटच थकबाकीदार ठरतो.