नवकलेवर: देवाच्या उत्सवाला असं नाव कसं?

पुरीच्या जगन्नाथाविषयी वाचताना ‘नवकलेवर’ शब्द आला आणि तुम्ही अडलात: कलेवर म्हणजे प्रेत, मग देवाच्या मूर्ती नव्याने घडवण्याच्या विधीला असलं अभद्र नाव कसं? शंका रास्त आहे. मराठीत हा शब्द भेटतो तो बहुधा अपघाताच्या नाहीतर शोकाच्या बातमीत.

संस्कृतात मात्र कलेवर म्हणजे नुसतं शरीर. गीतेच्या आठव्या अध्यायात ‘अन्तकाले च मामेव स्मरन्मुक्त्वा कलेवरम्’ असं आहे. तिथे देह सोडणारा अजून जिवंत आहे. मरणाच्या संदर्भात येता येता मराठीत हा शब्द मागे उरलेल्या देहालाच चिकटला असावा. तरी आपण ‘निष्प्राण कलेवर’ लिहितोच की! शब्दात मरण मुळातच असतं तर ‘निष्प्राण’ कशाला जोडावं लागलं असतं? हिंदीत तर मासिकंसुद्धा ‘नए कलेवर में’ निघतात. ओडियातला उच्चार ‘नबकळेबर’, आपल्यासारखाच ळ असलेला. यातलं नव म्हणजे नवा, नऊ नव्हे; मूर्ती चारच आहेत: जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन.

मूर्ती कडुनिंबाच्या. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी त्या नव्याने घडवतात. अलीकडे १९७७, १९९६ आणि २०१५ साली घडवल्या. झाड शोधायला दइतापती सेवक आधी काकटपूरच्या मंगलादेवीकडे जातात आणि स्वप्नात दिशा कळावी म्हणून देवळातच झोपतात. झाडावर शंख-चक्रासारख्या खुणा हव्यात, बुंध्याशी वारूळ हवं, जवळ स्मशान हवं, फांदीवर घरटं मात्र नको. निवडलेल्या झाडाला ‘दारु’ म्हणतात. (मराठी कानाला हा दुसरा धक्का. पण आपल्या ‘देवदार’मध्ये तोच दारु आहे, लाकूड या अर्थाचा.)

नव्या मूर्ती तयार झाल्या की जुन्या मूर्तींतला ‘ब्रह्मपदार्थ’, म्हणजे मूर्तीचा प्राण मानला जाणारा गुप्त पदार्थ, त्यांत ठेवतात. हे करणाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि हात कापडात गुंडाळलेले असतात. जुन्या मूर्ती मग देवळाच्याच आवारात, कोइली वैकुंठात पुरतात. दइतापती स्वतःला जगन्नाथाचे नातलग मानतात, त्यामुळे दहा दिवस सुतक पाळून मुंडनही करतात. म्हणजे तुम्हाला खटकलेलं प्रेत या विधीत आहेच. फक्त नाव त्याच्यावरून पडलेलं नाही, नव्या देहावरून पडलं आहे.

मराठीत लिहिताना ‘नवकलेवर’ तसंच ठेवावं, पहिल्यांदा येईल तिथे फार तर कंसात ‘नवा देह’ असं द्यावं. ‘मूर्तीबदल’ फारच कचेरीतला वाटतो. ‘जीर्णोद्धार’ही मी वापरणार नाही: मराठीत जीर्णोद्धार म्हटलं की जुनंच डागडुजी करून उभं केलेलं डोळ्यांपुढे येतं आणि इथे तर जुनं पुरून टाकतात.