गाडी मधेच बंद पडते? आधी वेळ टिपा

लगेच पार्ट बदलायला घेऊ नका. अधूनमधून येणारा बिघाड गॅरेजमध्ये नेमका दडून बसतो, म्हणून तो कधी येतो हे तुम्हालाच टिपावं लागेल: इंजिन थंड असताना की तापल्यावर, उभं असताना की वेगात?

तापल्यावर झटक्यात बंद आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू, असं असेल तर माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कंप्युटरला कळवणारा), मग इग्निशन कॉइलवर (ठिणगीसाठी वीज देणारी). स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल तर सेन्सरवरचा संशय वाढतो (सगळ्याच गाड्यांत ही खूण चालत नाही). धक्के खात, दम तोडत बंद पडत असेल तर पेट्रोलकडे वळा: फिल्टर, पंप, पंपाचा रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच). टाकीचं झाकण उघडताच हवा जोरात आत ओढली गेली आणि गाडी सुरू झाली, तर टाकीची हवेची वाट तुंबलीय. फुकटातली तपासणी आहे, पण कुणाला सुचत नाही.

फक्त आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, बंद पडते? थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) साफ करा, व्हॅक्यूमचे पाइप चिरलेत का बघा. आणि हे सगळं करण्याआधी बॅटरीची टर्मिनल आणि अर्थची वायर घट्ट करून घ्या.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. म्हणून बिघाड सापडून दुरुस्त होईतोवर गाडी हायवेला नेऊ नका.