जुन्या ट्रेडमिलवर 21,000 घालावेत का?

प्रश्न: वर्तकनगर, ठाणे इथल्या एका वाचक ताईंचा. 2014 साली 62,000 रुपयांना घेतलेली ट्रेडमिल चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांत बंद पडते. तो ब्रँड आता बाजारात नाही. मेकॅनिकने कंट्रोलर बोर्डाचे (मोटर चालवणाऱ्या सर्किटचे) 14,500 आणि चालायच्या पट्ट्याचे 6,500 सांगितले आहेत. शोरूमवाला जुनं मशीन 4,000 ला घेऊन 48,000 चं नवं देतोय, उरलेले 44,000 बारा हप्त्यांत, 'नो कॉस्ट ईएमआय'वर. यजमानांना मधुमेह आहे, आठवड्यातून चार दिवस मशीन वापरात असतं. 50,000 ची मुदत ठेव आहे. काय करावं?

उत्तर: ताई, 62,000 हा आकडा आधी डोक्यातून काढा. ते पैसे 2014 मध्येच गेले. आता प्रश्न एवढाच, की इथून पुढे चालण्याचा एक दिवस कितीला पडतो.

आठवड्याला चार दिवस म्हणजे वर्षाला साधारण 200 दिवस. 21,000 घालून मशीन आणखी तीन वर्षं चाललं, तर दिवसाला 35 रुपये. 44,000 चं नवं आठ वर्षं चाललं, तर साडेसत्तावीस. या हिशेबाने नवं स्वस्त, आणि शोरूमवालाही तुम्हाला हेच गणित मांडून दाखवेल. पण गोम त्या 21,000 मध्येच आहे. बोर्ड खरंच गेलाय का, हे अजून कोणी तपासलेलं दिसत नाही.

बोर्ड जळालेला असेल तर मशीन सहसा चालूच होत नाही, किंवा चालू होताच फ्यूज उडतो. तुमचं दोन-तीन मिनिटं चालतं. म्हणून घरीच एक गोष्ट करून पाहा. पट्ट्यावर कोणी उभं न राहता मशीन ताशी 4 किलोमीटरवर पंधरा मिनिटं चालू ठेवा. पाच-दहा सेकंदांत बंद पडलं, तर स्पीड सेन्सरवर संशय घ्या. पुलीवर एक छोटं चुंबक असतं आणि समोर सेन्सर. दोघांमधलं अंतर वाढलं, धूळ बसली किंवा वायर सैल झाली की बोर्डाला वेग कळत नाही आणि तो मशीन थांबवतो. हे काम शेकड्यांत होतं, हजारांत नाही. रिकामं मशीन पंधरा मिनिटं नीट चाललं आणि माणूस उभा राहिल्यावरच बंद पडत असेल, तर दोष बहुधा घर्षणाचा. स्क्रीनवरच्या एररवर भिस्त ठेवू नका. एकाच कोडचा अर्थ प्रत्येक ब्रँडचा वेगळा असतो.

घर्षण का वाढतं? पट्टा खालच्या फळीवर घासत चालतो आणि मधे सिलिकॉन ऑइलचा पातळ थर लागतो. तो सुकला की मोटर जास्त अँपिअर ओढते, बोर्ड तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो. अशा मशीनवर नवा 14,500 चा बोर्ड बसवला, तर काही महिन्यांत तोही जाऊ शकतो. मेकॅनिकला क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून प्रवाह मोजायचं मीटर) घेऊन यायला सांगा. चालताना मोटरच्या वायरमधला प्रवाह मोटरच्या प्लेटवरच्या आकड्याजवळ जात असेल, तर आधी पट्टा आणि फळीचं बघायचं. या तपासणीचे तो 500-700 घेईल, ते द्या. मीटरच नसेल त्याच्याकडे, तर मेकॅनिक बदला.

पट्ट्याखाली हात घालून पाहा (प्लग काढून, अर्थात). आतली बाजू गुळगुळीत, चकचकीत आणि कडक लागली तर पट्टा संपलाय. फळीवर पायाच्या जागी खोलगट झीज असेल किंवा पावसाळ्याने ती फुगली असेल, तर नुसता पट्टा बदलून भागणार नाही. काही फळ्या दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेल्या असतात, त्या उलटून पुन्हा वापरता येतात. हे विचारा, मेकॅनिक आपणहून सांगेलच असं नाही.

ब्रँड बंद झाला म्हणून पार्ट मिळत नाहीत, हे अर्धंच खरं. पट्टा ब्रँडने नाही, मापाने मिळतो. मागच्या रोलरचे बोल्ट सैल करून पट्ट्याची रुंदी आणि पूर्ण घेर मोजा. पट्टा काढता येत नसेल, तर दोन रोलरच्या मध्यांमधलं अंतर दुप्पट करून त्यात रोलरचा परीघ मिळवा. मध्य ते मध्य 1250 मिमी आणि रोलर 46 मिमीचे असतील, तर 2500 अधिक 144.5, म्हणजे सुमारे 2645 मिमी. मोटरच्या छोट्या बेल्टवर 180J6 सारखा नंबर असतो: 18.0 इंच लांबी, जे प्रकारच्या खाचा, सहा दाती. असा बेल्ट आणि रोलरची बेअरिंग मुंबईत मशीद बंदर स्टेशनजवळच्या नागदेवी स्ट्रीटला नंबर दाखवून मिळतात. मोटरमधून काळी भुकटी आणि ठिणग्या येत असतील तर कार्बन ब्रश बदलून बघा, मोटर नव्हे. मोटर बदलावीच लागली तर व्होल्ट, अँपिअर, आरपीएम आणि फिरण्याची दिशा, चारही जुळायला हवेत. नुसता 'दोन एचपी' सांगून आणलेली मोटर परतच जाते.

अडतो तो बोर्ड. बोर्ड आणि वरचा कन्सोल (स्क्रीन आणि बटणांचा भाग) एकमेकांशी ठरावीक पद्धतीने बोलतात, म्हणून दुसऱ्या मशीनचा बोर्ड बसला तरी चालेलच असं नाही. मग बोर्ड आणि कन्सोलचा जोड सेट घ्यावा लागतो आणि खर्च फुगतो. त्याआधी बोर्ड दुरुस्त करून घेण्याचा प्रयत्न करा. रिले, रेक्टिफायर, मॉस्फेट हे बोर्डावरचे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. मात्र बोर्डाला तुम्ही हात लावू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ चार्ज राहतो.

आता पैशाचं. माझा सल्ला असा, की खर्च टप्प्याने करा आणि आजच एक हद्द ठरवा: 12,000. पहिला टप्पा तपासणी, सेन्सर आणि सिलिकॉन ऑइल, हजार-बाराशेत. दुसरा पट्टा, 6,500. इथपर्यंत येऊन मशीन तीन वर्षं चाललं, तर दिवसाला बारा-तेरा रुपये पडतात, आणि त्यापुढे नव्या मशीनचा विचार करायचं कारणच नाही. पट्टा घालण्याआधीच बोर्ड आणि फळी दोन्ही गेल्याचं निघालं, तर थांबा. तिथे नवं मशीन खरंच स्वस्त पडतं.

नवं घ्यायची वेळ आली तर शोरूमवाल्याला दोन प्रश्न विचारा. जुनं न देता किंमत किती? ते 4,000 अनेकदा छापील किमतीतच धरलेले असतात. आणि एकरकमी दिले तर किती? शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनेच 2013 मध्ये सांगितलंय. समजा एकरकमी 41,500 ला देत असेल, तर 3,667 चे बारा हप्ते म्हणजे वर्षाला सुमारे 11 टक्के व्याज झालं. वर प्रोसेसिंग फी आणि, हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर, व्याजावरचा 18 टक्के जीएसटी. ठेव मोडल्याचा दंड त्यापुढे किरकोळ असतो. पण हे 50,000 घरातली एकमेव अडीनडीची पुंजी असतील तर ती मोडू नका, हप्ताही नको. तोवर उपवन तलावाला फेऱ्या मारल्या तरी यजमानांची साखर ताब्यात राहायला मदतच होईल.

नव्या मशीनच्या बिलावर मोटर, बोर्ड आणि पट्टा यांची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. 'मोटरवर पाच वर्षं' असं मोठ्या अक्षरात असतं आणि बोर्डावर एकच वर्ष. दुरुस्ती केलीत तर बदललेला जुना पार्ट परत मागा, बिलावर पार्टचा नंबर आणि किमान तीन महिन्यांची हमी घ्या. अडलंच तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, पण बिल नसेल तर तिथे तक्रार लंगडी पडते.

आणि पट्टा बदलला तर मशीन एक्स्टेन्शन बोर्डावर असल्यास त्याच दिवशी तिथून काढून थेट 16 अँपिअरच्या सॉकेटला लावा.