वडिलांना (वय ६८, बीपी आहे) तीन दिवसांपासून लघवी फार कमी होतेय. पाणी वाढवलं की किडनी आपोआप सुधारते का?

नाही. तीन दिवस झालेत तर आजच दाखवा.

"पाणी वाढव, शहाळं पाज" म्हणणारे एखादे मामा तुमच्याकडेही असणारच. आमच्याकडे आहेत.

आई दोन वर्षांपूर्वी वारीला गेली होती. रोजची बीपीची गोळी चालू, त्यातच लघवी वाढवणारं औषधही. दिवे घाट चढून सासवडला पोचली तेव्हा गुडघे भरून आले होते. दिंडीतल्या कुणीतरी डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी दिली, ती सकाळ-संध्याकाळ घेत राहिली. वर पाणी पिणं टाळलं. का, ते वारीत चाललेल्या कुठल्याही बाईला विचारा. लोणंदला जुलाब लागले, तेव्हा आम्ही गाडी करून तिला पुण्याला आणलं.

घरी दिवसातून दोनदा जेमतेम लघवी, तीही कोऱ्या चहासारखी. मी म्हटलं रक्त तपासू. मामा म्हणाले, "पाणी कमी पडलंय, तुम्हा पोरांना प्रत्येक गोष्टीत रिपोर्ट लागतो." मग दोन दिवस शहाळी, बार्लीचं पाणी, धन्याचं पाणी. पाय सुजले, लघवी वाढली नाही.

शेवटी रक्त तपासलं. क्रिएटिनिन (किडनीनं गाळून बाहेर टाकायचा कचरा, ती बिघडली की रक्तात वाढतो) ४.१, पोटॅशियम ६.१, दोन्ही जास्त. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "शहाळी कोण पाजतंय?" लघवी थांबली की पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. शहाळ्यात तेच भरपूर. अंगात पाणी कमी असताना वेदनाशामक गोळी किडनीत रक्त आणणारी वाहिनी आवळते, आई घेत होती तसली बीपीची गोळी रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करते. गाळायला दाबच उरत नाही. डायलिसिस थोडक्यात टळलं. बारा दिवसांनी क्रिएटिनिन १.२ वर आलं. मामा अजून सगळ्यांना सांगतात की शहाळ्यानंच उतरलं.

तुमच्या वडिलांनी गेल्या आठवड्यात दुखण्याची गोळी घेतली का, ते खोदून विचारा. माणसं सांगत नाहीत, त्यांना ते औषध वाटतच नाही. मापाचा जग घ्या आणि दवाखान्यात नेईपर्यंत जेवढी लघवी होईल तेवढी मोजा. २४ तासांत ४०० मिलिलिटरच्या खाली म्हणजे धोका. क्रिएटिनिन नॉर्मल आलं तरी निर्धास्त होऊ नका, किडनीचं निम्मं काम गेलं तरी ते नॉर्मल दिसू शकतं.

वडिलांचं वय बघता प्रोस्टेटही (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढली की लघवीची वाट अडते) असू शकतं. लघवी तयार होतेय पण बाहेर पडत नाही, असं. ओटीपोट फुगलंय का बघा, सोनोग्राफीत लगेच कळतं. तसं असेल तर माझी ही सगळी कहाणी तुमच्या कामाची नाही.

मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. बीपीची गोळी हे वाचून परस्पर बंद करू नका. मुतखड्याला भरपूर पाणी चांगलं, तेवढं मामांचं बरोबर. जुलाबानं अंग कोरडं पडलं असेल तरी पाणी लागतंच, आमच्या आईलाही सलाईन लावलं होतं. पण किती, ते सूज आणि रिपोर्ट बघून डॉक्टरांनी ठरवलं, मामांनी नाही.